गाईला चूल दिसली पाहिजे

सोमवार, 31 जानेवारी 1938. आयर्लंडच्या वायव्य टोकाचा डॉनेगॉल परगणा, आणि त्यातही समुद्राकडेला असलेलं ग्वीडोर. जेमतेम पाच वाजलेत, पण उजेड संपत आलाय. अटलांटिकवरचा वारा पावसाला आडवा करून आणतोय, तेव्हा छत्री आणली असेल तर ती मिटूनच ठेवा. दगडी गडग्यांमधून जाणाऱ्या पायवाटेच्या शेवटी ते लांबट, बुटकं, चुना फासलेलं घर दिसतंय ना, तिथे आपल्याला जायचंय. छप्पर गवताचं आहे. वाऱ्याने उडू नये म्हणून वरून दोर टाकून ते भिंतीतल्या दगडी खुंट्यांना आवळून बांधलंय. दारापासून चार पावलांवर उकिरडा. नाक मुरडू नका. या ढिगाच्या उंचीवरून घरात किती जनावरं आहेत आणि यंदा बटाटे किती निघतील याचा अंदाज शेजारीपाजारी बांधतात.

दाराचे वर-खाली असे दोन भाग आहेत. दिवसा वरचा भाग उघडा असतो, उजेड आत यावा आणि धूर बाहेर जावा म्हणून. खालचा बंद असतो, कोंबड्या बाहेर राहाव्यात आणि रांगती पोरं आत राहावीत म्हणून. निदान हेतू तसा असतो. आत शिरताना सगळ्यांसाठी देवाचा आशीर्वाद मागा. तसं न बोलता उंबरा ओलांडणाऱ्याकडे इथे संशयाने बघतात. हे लोक आयरिश बोलतात. अशा प्रवासात भाषा आपोआप कळते, तेव्हा ती काळजी सोडा. तुम्ही कोण, कुठले, हेही कुणी लगेच विचारणार नाही. तीन-चार वर्षांपूर्वी ओके कॅम्पबेल नावाचा स्वीडिश अभ्यासक आयर्लंडच्या पश्चिम भागात घरांची मापं घेत, नकाशे काढत हिंडून गेला. परका माणूस घर बघायला येतो यात नवल राहिलेलं नाही.

आत आलात की आधी ऊब अंगावर येते, मग वास. डाव्या हाताला, वरच्या अंगाला चूल; तिच्यात दलदलीतून कापून वाळवलेल्या टर्फच्या विटा धुमसतायत. उजव्या हाताला, खालच्या अंगाला गोठा. मध्ये भिंत नाही. जमिनीला चुलीकडून गोठ्याकडे हलका उतार दिलाय आणि माणसांची हद्द संपते तिथे दगडांनी बांधलेली एक आडवी नाली आहे. मूत तिच्यातून वाहत भिंतीच्या बुडाशी ठेवलेल्या भोकावाटे बाहेर जातं. नालीपलीकडे दोन गाई आणि एक कालवड, तोंडं टोकाच्या भिंतीकडे करून खुंट्यांना बांधलेल्या. म्हणजे माणसांच्या वाट्याला शेपट्या आल्या. शेण ओढायला हे सोयीचं आहे. सोबत म्हणून तितकंसं नाही.

गाईने मान वळवली की तिला विस्तव दिसतो. तो दिसलाच पाहिजे, असं चुलीशी बसलेली आजी सांगते. विस्तव दिसणारी गाय दूध जास्त देते. आजीचा जन्म 1860 च्या आसपासचा, तिच्या आईने बटाट्याचं पीक बुडाल्याचा मोठा दुष्काळ पाहिलेला. तिच्याशी वाद घालू नका. घालण्यासारखं फारसं नाहीही. गाईचं अंग 38 अंशांहून जास्त गरम असतं, अशा तीन शेगड्या रात्रभर घरात असतात. उबेतल्या गाईला अंग गरम ठेवायला कमी वैरण लागते, आणि जानेवारीच्या शेवटी या घरात वैरण किती उरलीय ते माळ्याकडे बघितलंत तर कळेल. शेणही छपराखाली राहतं, पावसाने धुऊन जात नाही. इथली जमीन म्हणजे खडक आणि दलदल. शेण आणि किनाऱ्यावरून आणलेलं समुद्रशैवाल घातलं नाही तर वाफ्यात बटाटा धरत नाही. दक्षिणेकडच्या अ‍ॅरन बेटांवर टर्फ नाही, तिथे लोक शेण वाळवून गोवऱ्या जाळतात. ग्वीडोरमध्ये ती चैन परवडणारी नाही, इथे पो अन् पो शेतात जातो.

वर बघा. गाईंच्या डोक्यावर वाशांवर काठ्या टाकून केलेल्या माचावर कोंबड्या ओळीने बसल्यात. त्यांनाही खालून ऊब मिळते. तुम्ही मात्र त्या माचाखाली उभे राहू नका.

‘घरात गुरं ठेवणारे आयरिश’ ही इंग्रजांची जुनी थट्टा आहे. लंडनच्या व्यंगचित्रांमध्ये आयरिश माणूस आणि डुक्कर यांची जोडी पिढ्यान्‌पिढ्या छापली गेली. त्या थट्टेला उत्तर द्यायला एक कागद पुरेसा आहे. 1837 मध्ये इथल्याच शाळेचे मास्तर पॅट्रिक मॅकाय यांनी डब्लिनमधल्या ब्रिटिश राजप्रतिनिधीला, लॉर्ड लेफ्टनंटला, अर्ज करून पॅरिशमधल्या सुमारे 4,000 माणसांच्या मालमत्तेची यादी पाठवली. सगळ्यांत मिळून गाडी 1, नांगर 1, फावडी 20, खुर्च्या 93, स्टुलं 243. पाळीव हंस 27, टर्की 3. डुक्कर एकही नाही. तबेले 2. आणि गोठे फक्त 6. चार हजार माणसांत सहा गोठे, याचा अर्थ गाई नव्हत्या असा नाही. गाई घरात होत्या. वेगळा गोठा बांधायला दगड मिळेल, पण वर घालायला लाकूड कुठून आणणार? या उघड्या माळावर झाडच नाही. दलदलीत पुरलेले हजारो वर्षांपूर्वीचे ओंडके उकरून काढून लोक आढी आणि वासे करत. एक छप्पर घालता घालता जीव मेटाकुटीला येई, दुसऱ्याची गोष्टच नको.

चुलीच्या उजेडात एक मुलगी स्टुलावर वही ठेवून लिहितेय. वय बारा असेल. आयरिश लोककथा आयोगाने या शैक्षणिक वर्षात देशभरच्या शाळांतल्या वरच्या वर्गांना एक काम दिलंय: घरातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा आणि लिहून आणा. सुमारे 5,000 शाळा या कामात आहेत. आयोगाच्या शॉन ओ सुलिव्हान यांनी मास्तरांसाठी विषयांची पुस्तिका करून दिलीय. त्यातला या आठवड्याचा विषय आहे पाळीव जनावरांची निगा.

“आजी, कोंबड्यांना कसं बोलावतात?”

“तुला माहीत नाही? सकाळी कोण बोलावतं त्यांना?”

“मास्तर म्हणाले, तुम्हाला विचारूनच लिहायचं.”

“लिही मग. त्यूक, त्यूक, त्यूक.” आजी मान हलवते. “डब्लिनच्या साहेबांना आता कोंबड्या बोलवायच्यात वाटतं.”

मुलगी लिहिते. कोंबडीला त्यूक त्यूक, वासराला सक सक, डुकराला हरिश हरिश. गाय बांधायची ती मानेभोवती दोराने, आणि धार काढताना मागचे पाय केसांच्या दाव्याने बांधायचे. धार संपली की फेसात अंगठा बुडवून गाईच्या कुशीवर क्रूस काढायचा. पहिली धार जमिनीवर सोडायची, ती ‘त्यांच्यासाठी’. परीलोकांचं नाव आजी मोठ्याने घेत नाही आणि मुलगीही विचारत नाही. एखादी गाय अचानक चारा सोडून कुडकुडायला लागली तर तिला त्यांचा बाण लागला असं समजतात. मग जाणत्या माणसाला बोलावतात; तो तिच्या अंगावरून हात फिरवून जखमेची जागा शोधतो. शेतात नांगरताना सापडलेली गारगोटीची जुनी बाणाग्रं अशा घरांत जपून ठेवलेली असतात, ती पाण्यात टाकून ते पाणी गाईला पाजायचं. ती बाणाग्रं अश्मयुगातली आहेत. हे तुम्हाला माहीत आहे, त्यांनाही बहुधा एखादा मास्तर सांगून गेला असेल. गाय मात्र पाणी पिते.

या घरात कुठलं जनावर कुणाचं, हे कुणी ठरवलेलं नाही पण सगळ्यांना पक्कं माहीत आहे. कोंबड्या बाईच्या. अंड्यांचा पैसा तिचा, त्यातून चहा, साखर आणि दिव्याचं तेल येतं. 1924 च्या कायद्यापासून विक्रीची अंडी स्वच्छ आणि तपासलेली लागतात, म्हणून मुलगी रोज संध्याकाळी ती पुसते. पूर्वी अंडी गावच्या दुकानदाराला द्यावी लागत, तोच सावकार, तोच भाव ठरवणार आणि तोच उधारीची वही लिहिणार. शेजारच्या डंगलो गावात पॅडी गॅलघर यांनी 1906 मध्ये सहकारी सोसायटी काढली तेव्हापासून त्या दुकानदारांचा माज जरा उतरला. लोक त्या माणसाला ‘पॅडी द कोप’ म्हणतात, कोप म्हणजे को-ऑप. गाढव पोरांचं, त्याच्या पाठीवर दोन टोपल्या लादून दलदलीतून टर्फ आणायचा. त्याच्या खांद्यावरचा काळा क्रूस येशूला वाहून नेल्याची खूण आहे असं मुलगी वहीत लिहिते. मेंढ्या डोंगरावर, त्यांच्याकडे आत्ता कोण बघणार? शेळी आहे एक; ती गाईंबरोबर चरली की गाई गाभ टाकत नाहीत अशी समजूत. डुक्कर घरामागच्या दगडी खुराड्यात, उकडलेले बटाटे खाऊन आणि ताक पिऊन लठ्ठ होत चाललंय. ते कुणाचंच नाही. ते हप्त्याचं.

हा हप्त्याचा प्रकार समजून घ्यायला हवा, कारण घरधनी मघापासून त्याच्यामुळेच गप्प आहे. जमीनदारांची जमीन कुळांनी विकत घ्यावी म्हणून ब्रिटिश सरकारने कर्जं दिली होती, मुख्यतः 1903 च्या कायद्यापासून. त्यांचे वार्षिक हप्ते स्वतंत्र आयर्लंडही लंडनला भरत होता. 1932 मध्ये डी व्हॅलेरा सत्तेवर आले आणि त्यांनी ते थांबवले. शेतकऱ्याचा हप्ता माफ नाही झाला. 1933 मध्ये तो निम्मा झाला आणि आता डब्लिनच्या तिजोरीत जातो, एवढंच. उलट लंडनने आयरिश मालावर 20 टक्के जकात बसवली आणि गुरांवर ती पुढे आणखी वाढवली. आयर्लंडच्या गुरांना इंग्लंडखेरीज गिऱ्हाईक नाही. भाव कोसळले. बाजारच्या दिवशी पहाटे चार वाजता निघून, भिजत, गुरं हाकत शहरात न्यायची, दिवसभर रस्त्याच्या कडेला उभं राहायचं आणि संध्याकाळी तीच गुरं परत घेऊन यायची. आपल्याकडे गुरांच्या बाजारात हेडे रुमालाखाली बोटं दाबून भाव ठरवतात. इथे सगळा मामला उघड्यावर चालतो. दलाल हातावर थुंकून टाळी मारतो, तिसरा माणूस दोघांचे हात ओढून एकत्र आणतो, आणि सौदा झाला की विकणारा शकुनाचं म्हणून एक नाणं परत देतो. त्या वर्षांत टाळ्या वाजेनाशा झाल्या.

आणि मग 1934 मध्ये सरकारने वासराच्या कातड्याला 10 शिलिंग जाहीर केले. जिवंत वासराला भाव नाही, मेलेल्याच्या कातड्याला आहे. या घरातली तांबडी गाय त्या वसंतात व्यायली, गोऱ्हा झाला. तो तिसऱ्या दिवशी नालीपलीकडून नेला. एका छपराखाली राहण्याची ही किंमत वेगळी असते. गाय दोन रात्री हंबरत होती आणि ते सगळ्यांना आपापल्या बिछान्यातून ऐकावं लागलं, कारण मध्ये भिंत नाही. दहा शिलिंगांतून मुलीला बूट आले. तिने ते पहिल्या दिवशी घातले नाहीत. आईने रागावून घालायला लावले.

तीच तांबडी आज पुन्हा व्यायला टेकलीय. शेपटीच्या बुडाजवळचे दोर सैल पडलेत, कास भरलीय, सड चकाकतायत. घरधनी दर थोड्या वेळाने तिकडे बघतो. लंडनमध्ये 17 तारखेपासून डी व्हॅलेरा आणि ब्रिटिश पंतप्रधान चेंबरलेन यांची बोलणी चाललीत असं वर्तमानपत्रात आलंय. गेल्या मंगळवारी रात्री उत्तरेचं आभाळ रक्तासारखं लाल झालं होतं, साऱ्या युरोपाने ते पाहिलं. ध्रुवीय प्रकाश, पण इतका लाल कुणाच्या आठवणीत नव्हता. आजी म्हणते लढाई होणार. घरधनी म्हणतो तह होणार. दोघांचंही खरं ठरणार आहे. 25 एप्रिलला करार होईल, लंडन 1 कोटी पौंड एकरकमी घेऊन हप्त्यांवर पाणी सोडेल, जकात उठेल. पुढच्या वर्षी सप्टेंबरात महायुद्ध. तुम्हाला हे माहीत आहे, म्हणून काही सांगू नका. सांगितलंत तरी ते तुम्हाला बाणाच्या जखमा शोधणारा माणूस समजतील.

आजची रात्र ब्रिजिटची आहे. उद्या 1 फेब्रुवारी, संत ब्रिजिटचा सण आणि वसंताचा पहिला दिवस, निदान पंचांगात. ब्रिजिट म्हणजे गाईगुरांची, दुधालोण्याची राखणदार. अंधार पडल्यावर मुलगी बाहेर जाते. दिवसा कापून ठेवलेला लव्हाळ्याचा भारा उचलून घराला फेरी घालते, दारावर थाप मारते आणि आतल्यांना गुडघे टेकायला, डोळे उघडायला आणि ब्रिजिटला आत घ्यायला सांगते. आतले सगळे गुडघ्यांवर बसून स्वागताचे शब्द म्हणतात. तुम्हीही टेका. तीनदा हे झालं की मुलगी भिजलेल्या भाऱ्यासकट आत येते आणि पोरं हसू दाबतात. बटाटे कुटून त्यात लोण्याचा मोठा गोळा घातलेला असतो. हिवाळ्यात दोन्ही गाई जवळजवळ भाकड असताना हे लोणी कसं साठवलं ते त्या बाईलाच ठाऊक. जेवणं झाली की लव्हाळ्याचे क्रूस विणायला बसायचं. एक दारावर लागतो, एक गोठ्यात. इथे गोठा वेगळा नसल्यामुळे आजी स्टुलावर चढून तो तांबडीच्या वरच्या वाशात खोचते. उरलेले लव्हाळे गाईंच्या पायाखाली. आणि एक कापडाची पट्टी बाहेर खिडकीवर टाकून ठेवतात, रात्रीतून ब्रिजिट जाताना तिला हात लावते. ती मग वर्षभर डोकेदुखीला, बाळंतिणीला आणि अडलेल्या गाईला.

गेल्या वर्षीची पट्टी आज रात्रीच काढावी लागते.

अकरा वाजले असतील. तांबडी खाली बसते, उठते, पुन्हा बसते. वेगळा गोठा असता तर कुणाला तरी पावसात दर तासाला कंदील घेऊन फेरी मारावी लागली असती. इथे घरधनी खाटेवरून फक्त मान उचलतो. शेजाऱ्याला हाक जाते. तुमच्या हातात कंदील दिला जातो. आता तुम्ही पाहुणे राहिला नाहीत, तेव्हा कंदील नीट धरा, हलवू नका.

आधी पाण्याची पिशवी दिसते, मग दोन पिवळट खूर, तळवे खालच्या बाजूला. म्हणजे सरळ आहे. घरधनी बाहीपर्यंत हात साबणाने धुऊन आत घालतो, आणि नाक गुडघ्यांवर टेकलेलं आहे असं शेजाऱ्याला मान हलवूनच सांगतो. दोराचा फास खुरांच्या वर, सांध्यामागे. गाय कळ देते तेव्हाच ओढायचं, ती थांबली की थांबायचं, आणि ओढायचं ते सरळ मागे नाही, खाली तिच्या घोट्यांच्या दिशेने. आजी जुनी पट्टी गाईच्या पाठीवर आडवी टाकते आणि पुटपुटते. वरच्या माचावर कोंबड्या कुरकुरतायत. एक लांब कळ येते, डोकं बाहेर निसटतं, खांदे अडतात, मग सगळं वासरू एकदम पाण्याच्या लोंढ्यासकट लव्हाळ्यांवर येतं. ते हलत नाही. घरधनी नाकातोंडातला चिकटा बोटांनी ओढून काढतो आणि गवताची काडी त्याच्या नाकपुडीत घालून फिरवतो. वासरू शिंकतं. त्याच्या अंगातून वाफ निघतेय, कंदिलाच्या काचेवर ती धरते.

शेजारी मागचा पाय उचलून बघतो. “कालवड.”

बाकी कुणी बोलत नाही, पण बाई पहिल्यांदाच खाली बसते.

अंगावर मूठभर मीठ टाकतात, गाईने चाटावं म्हणून. मग मंतरलेली मेणबत्ती पेटवून कासेवरचे केस जरासे जाळतात, क्रूसाच्या आकारात. तुम्हाला धस्स होईल. तांबडीला होत नाही. तिला ओटाचं पीठ घातलेलं कोमट पाणी मिळतं आणि ती बादलीत नाक घालून एका दमात संपवते. वार पडेपर्यंत माणूस जागा राहणार, कारण कुत्र्याने किंवा गाईनेच ती खाऊ नये. चिकाचे चार थेंब ‘त्यांच्यासाठी’ जमिनीवर सोडून बाकीचा वासराला. खरवसाचा विचार तुमच्या मनात आला असेल तर आवरा. मुलगी झोपेतून उठून आलीय. वासराला आईपाशी पिऊ देत नाहीत, दूध बादलीतून पाजायचं असतं आणि ते त्याला शिकवावं लागतं. ती चिकात बोटं बुडवून वासराच्या तोंडात देते, ते चोखायला लागलं की हात हळूहळू बादलीत खाली नेते. वासरू खोकतं, ढुशी मारतं, निम्मा चीक तिच्या झग्यावर सांडतो. चौथ्या-पाचव्या वेळी ते प्यायला लागतं.

तिचा थोरला भाऊ हे बघायला घरी नाही. तो पूर्वेकडे लॅगनच्या सुपीक भागात चाकरीला आहे. मे आणि नोव्हेंबरमध्ये तिथे माणसांचा बाजार भरतो. डॉनेगॉलच्या या किनाऱ्यावरची पोरं बोचकं काखेत धरून रस्त्यावर उभी राहतात आणि मोठे शेतकरी दंड दाबून बघून त्यांना सहा महिन्यांसाठी घेतात. तिथल्या गाईंना वेगळा दगडी गोठा आहे, कौलारू, हवेशीर. भाऊ त्या गोठ्याच्या माळ्यावर झोपतो. ग्वीडोरमध्ये गाई माणसांच्या घरात राहतात, लॅगनमध्ये माणूस गाईंच्या घरात राहतो. या दोन्हींतलं मागासलेलं कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

या घराबद्दल हळवं व्हायचं कारण नाही. धुराने आजीचे डोळे गेल्यात जमा आहेत. क्षय गाईकडून दुधावाटे माणसांत येत होता आणि एका हवेत श्वास घेणाऱ्या घराला त्यापासून लपायला जागा नव्हती. गुरांतल्या क्षयाविरुद्धची देशव्यापी मोहीम 1954 मध्ये सुरू झाली. गर्दीच्या परगण्यांसाठी नेमलेलं मंडळ 1891 पासून लोकांना गुरं घराबाहेर काढायला सांगत होतं, वेगळे गोठे बांधायला आणि उकिरडा दारातून हलवायला पैसे देत होतं. ते योग्यच होतं. 1938 मध्ये ग्वीडोरमध्येही बहुतेकांनी खालच्या अंगाला भिंत घालून घेतली होती किंवा गाई नव्या गोठ्यात नेल्या होत्या; हे घर मागे राहिलेल्या थोड्यांपैकी. माझी तक्रार त्या सुधारणेबद्दल नाही. ज्यांना सहा गोठ्यांच्या यादीतलं दारिद्र्य दिसलं नाही आणि फक्त शेण दिसलं, त्यांच्याबद्दल आहे. लाकूड नाही, वैरण नाही, जमिनीत जोर नाही, हप्ता मात्र आहे, एवढ्या अटींवर कुणीही हिशेब मांडला असता तर उत्तर असंच आलं असतं: एक छप्पर, मध्ये नाली.

सकाळी निघताना मुलीची वही बघून घ्या. जनावरांची निगा, दोन पानं, शाईचा एक डाग. अशी सुमारे 50,000 मुलांनी लिहिलेली पानं नंतर डब्लिनला गेली. आज ती तिथल्या युनिव्हर्सिटी कॉलेजात आहेत आणि ‘डूखस’ या संकेतस्थळावर घरबसल्या वाचता येतात. बरीचशी इंग्रजीत आहेत, पण आयरिशमधलीही हजारो आहेत. आणि कधी बेलफास्टला गेलात तर तिथून जवळच कल्ट्राच्या लोकजीवन संग्रहालयात जा. ग्वीडोरजवळच्या मघरागॅलन गावातलं असंच एक घर तिथे पुन्हा उभं केलंय. गाई नाहीत, तेव्हा खालच्या अंगाला जाऊन उभं राहायला हरकत नाही.